पुस्तक निवडण्याआधी घरी फोन लावावा

मी कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवतो. विषय पॅथोफिजिऑलॉजी. हे नाव घेतलं की समोरचा माणूस एकतर विषय बदलतो, नाहीतर स्वतःचा गुडघा दाखवतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. शरीरात काय कुठे आहे हे एक शास्त्र सांगतं. ते नीट चालतं तेव्हा कसं चालतं हे दुसरं सांगतं. माझा विषय तिसरा. चालता गाडा बिघडतो तेव्हा कसकसा बिघडत जातो, ते यात असतं. एका टोकाला रोगाचं नाव, दुसऱ्या टोकाला पेशंटची तक्रार, आणि मधला रस्ता म्हणजे माझा विषय. नर्सला हा रस्ता माहीत असावा लागतो. डॉक्टर फेरी मारून जातात, पेशंटपाशी ती असते. काहीतरी बिनसतंय हे पहिल्यांदा तिला दिसतं. काय बिनसलंय एवढंच कळलं तर ती नोंद करते. का बिनसलंय हे कळलं तर ती धावते.

शिकवायला लागण्यापूर्वी मीही वॉर्डात ब्रदर म्हणून पळापळ केली आहे. त्यामुळे विषयावर माझं प्रेम आहे. पण माझ्या स्वभावात एक खोट आहे. मला उगाचच अपराधी वाटतं. वर्गातला पंखा बंद पडला तर मी मुलांची माफी मागतो. मिसळीचा कट पुन्हा मागणं हा कोल्हापुरात जन्मसिद्ध हक्क आहे, तो बजावतानाही माझ्या तोंडून ‘सॉरी हां’ निघतं. बायको म्हणते, आपल्या लग्नात तुम्ही भटजींनासुद्धा सॉरी म्हणाला होता. ते खरं आहे. धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता.

अशा माणसाकडे पुस्तक निवडायचं काम देऊ नये. आमच्या कॉलेजनं ते दिलं.

दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या वर्गासाठी ग्रंथालय एकच पुस्तक घेणार होतं. कुठलं, ते शनिवारी प्राचार्या मॅडमच्या केबिनमध्ये ठरणार होतं आणि शिफारस मी करायची होती. ही बातमी प्रकाशकांच्या प्रतिनिधींना कशी कळते, देव जाणे. एकेक जण नमुना प्रत घेऊन येऊ लागला. ‘सर, नुसतं चाळून बघा.’ मी चाळायचो, त्याला चहा पाजायचो, आणि बिचारा उन्हातून आलाय म्हणून ‘छान आहे हो’ म्हणायचो. असं मी तिघांना म्हणालो. तिघेही जिंकल्यासारखे जिना उतरून गेले. मी मात्र टेबलावरच्या तीन पुस्तकांकडे बघत, तीन पोरींना एकदम होकार दिलेल्या माणसासारखा बसून राहिलो.

मुलांनी पुस्तकांना नावं ठेवली. पहिलं ‘पैलवान’. हे आमच्याकडे आधीपासूनच होतं, त्याची नवी आवृत्ती आली होती. जगातलं सगळं त्यात आहे. एका हातानं ते उचलता येत नाही, आणि उघडलं तर टेबलावर दुसरं काही मावत नाही. दुसरं ‘नवरी’. गुळगुळीत कागद, पानापानावर रंग. तिच्यातल्या आकृत्यांत इतके बाण की दसरा चौकात सिग्नल बंद पडल्यावर वाहनं जशी तोंडाला तोंड देतात, तसे ते एकमेकांवर आलेले. कुठून निघाले आणि कुठे पोचणार, त्यांनाच माहीत. तिसरं ‘काटकं’. बारीक, करड्या कव्हराचं, लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणी विचारणार नाही असं.

बाहेरच्यांना वाटतं, पुस्तक निवडायचं म्हणजे लेखकाचं नाव बघायचं. मी आधी उलट्या बाजूनं उघडतो. मागच्या सूचीत ‘सूज’ शोधतो, अर्थात इंग्रजीत. कारण मुलीला वॉर्डात रोग दिसत नाही, सूज दिसते. सूज शोधून रोगापर्यंत जाता आलं पाहिजे. मग बघतो, बिघाड सांगण्याआधी निरोगी काम दोन ओळींत सांगितलंय का. आवृत्ती ताजी आहे का. औषधं बदलत राहतात, आणि जुनं पुस्तक जुनीच पढवत बसतं. आणि मुख्य म्हणजे ‘त्यामुळे’ हा शब्द किती वेळा येतो. ज्या पुस्तकात ‘आणि, आणि, आणि’ आहे ते पाठ करावं लागतं. ‘त्यामुळे, त्यामुळे’ असलं की समजतं.

एवढी अक्कल असून माझं ठरत नव्हतं. त्याला कारण सारिका.

सारिका मलकापूरच्या पलीकडच्या एका गावातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बारावीला सायन्स. वॉर्डात तिचा हात असा हलका की पेशंट तिचं नाव घेऊन हाक मारतात. या विषयात मात्र ती एकदा नापास झाली होती. ‘पैलवान’ तिनं इतक्या वेळा वाचलं होतं की त्याची शिवण सुटली होती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, आणखी एक डाव बसायचं, विषय नाही सुटला तर गावी यायचं. गावात दूध संकलन केंद्रावर कुणीतरी हवंच होतं. ती मला स्टाफरूमबाहेर भेटली आणि म्हणाली, “सर, मला कळलंय का न्हाय, हेच मला कळत न्हाय.”

यापूर्वी असं कुणी म्हणालं की मी ‘पुन्हा वाच’ असं सांगायचो. किती जणांना सांगितलं असेल, आणि त्यांनी किती वेळा निमूट वाचलं असेल, हे आठवलं की आजही मनातल्या मनात सॉरी म्हणतो. त्या दिवशी का कोण जाणे, तोंडातून वेगळंच गेलं. “घरी फोन लाव. आईला समजावून सांग. आईला कळलं तर तुला कळलं.”

सारिकानं लगेच मोबाइल काढला. मग म्हणाली, “आणि पुस्तक कुठलं वाचून सांगू?”

बस, तिथंच माझ्या डोक्यात दिवा लागला. वर्गाचे तीन गट केले, तिघांना तीन पुस्तकं दिली. सगळ्यांना प्रकरण एकच: हृदय थकलं की पाय का सुजतात. आठवड्यानं प्रत्येक गटातल्या एकानं वर्गात उभं राहून, स्पीकर चालू करून घरी फोन लावायचा. घरच्यांना येत नाही असा इंग्रजी शब्द वापरायचा नाही. घरच्यांना कळलं तर पुस्तक पास.

शुक्रवारी दुपारी वर्ग असा भरला की शेजारच्या वर्गातली पोरंही मागे येऊन उभी राहिली.

‘पैलवान’ गटाकडून शिवलीला उठली. जयसिंगपूरच्या व्यापारी घरातली, घरात निम्मं कानडी. तिनं आईला फोन लावला आणि ‘अव्वा, ऐक’ म्हणून सुरुवात केली. पुस्तकाप्रमाणे हृदयविकाराचे प्रकार सांगितले, मग प्रकारांचे उपप्रकार. उपप्रकारांची कारणं सांगायला लागली तेव्हा पलीकडे कुकरची शिट्टी झाली. शिवलीला घाम पुसत थांबली. “अव्वा, समजलं का?”

पलीकडून अत्यंत प्रेमळ आवाज आला. “हूं. ऊट आय्ता?”

वर्गात ज्यांना कानडी येत होतं ते बाकावर कोसळले. बाकीच्यांनी अर्थ विचारला. शिवलीला खाली मान घालून म्हणाली, “जेवलीस का, विचारतीय.”

‘नवरी’कडून अक्षय आला. हा पेठेतला. त्यानं वडिलांना फोन लावला तर ते मैदानावर. पेठेच्या संघाचा फुटबॉल सामना होता. “पप्पा, हृदयातून एक बाण फुफ्फुसाकडं जातो...”

“थांब, कॉर्नर हाय.”

आम्ही सगळे थांबलो. अख्खा वर्ग श्वास रोखून कॉर्नर ऐकत होता. मैदानातून ‘हॅट’ असा मोठा आवाज आला. पप्पा परत फोनवर. “गेला वाया. हं, बाण. कुणाला लागला?”

“लागला न्हाय पप्पा, बाण म्हणजे रक्त. ते फिरून परत येतं. दुसरा बाण किडनीकडं जातो, तिथनं तिसरा...”

“किती बाण हायत?”

“नऊ.”

पप्पांचा आवाज मऊ झाला. “बरं. जेवलास का?”

आता हसण्याच्या पलीकडची अवस्था आली होती. एक मुलगी बाकाखाली गेली ती वर येईना. मी सगळ्यांना गप्प करत होतो आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. मात्र त्या हसण्यात मला एक गोष्ट लख्ख कळली. लेकराचं बोलणं आईबापाला कळलं नाही की ते ‘कळलं नाही’ असं म्हणत नाहीत. पोरगं शिकतंय, आपण कशाला अडवायचं. ते मायेनं जेवणाचं विचारतात. या घडीला महाराष्ट्रात किती पुस्तकं अशी जेवण विचारून मिटवली जात असतील.

मग सारिका. ‘काटकं’ तिच्या हातात होतं, पण तिनं ते बाकावर पालथं ठेवलं.

“आई, आपल्या नदीवरची मोटर हाय न्हवं, तसं हार्ट असतंय. मोटर दमली की काय होतंय?”

“पाणी चढत न्हाय.”

“तसं रक्त पुढं सरकत न्हाय. मग मागं तुंबतंय. तुंबलं की नळीत दाब वाढतोय, त्यामुळं पाणी पाझराय लागतंय. आणि पाणी खालीच जाणार की. त्यामुळं पाय सुजतात. बोटानं दाबलं की खड्डा पडतोय, तो लगेच भरत न्हाय.”

मी मनात म्हणत होतो, विचारू नका, जेवणाचं विचारू नका.

“आनि मग?” आई म्हणाली.

‘आनि मग.’ तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी याहून गोड दाद दिलेली नाही. सारिकाचा आवाज चढला. “मग किडनीची गंमत ऐक. तिच्याकडं रक्त कमी येतंय. तिला वाटतंय दुष्काळ पडला. त्यामुळं ती पाणी सोडतच न्हाय, धरून ठेवती. बिचारी चांगल्यासाठीच करती, पण आधीच पूर आलाय, त्यात ही पाणी अडवती. त्यामुळं सूज आणखी वाढती.”

मला एकदम किडनीबद्दल आपुलकी वाटली. गरज नसताना सगळं धरून ठेवणारी, आणि त्यानं आणखी बिघडवणारी. आम्ही एकाच घराण्यातले.

“थांब गं सारिके,” आई म्हणाली. मग सासूला सांगताना तिचा आवाज लांबून आला. “आत्ती, पाय करा हिकडं.” बांगड्यांचा आवाज. मग अगदी हळू, “पडतोय की गं खड्डा.”

“आई, माझं अजून संपलं न्हाय, पुढं ऐक...”

फोन बंद झाला. सारिकानं परत लावला. लागेना. परत लावला. बिझी. “सगळ्या पावण्यांना फोन चालल्यात,” ती म्हणाली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला मात्र नेहमीचा अपराध चिकटला. तो मी घरी नेला, जेवताना समोर ठेवला आणि बायकोला म्हणालो, “एका घरात मी फोनवरून हार्टचा पेशंट तयार केला.”

शनिवारी सकाळी कॉलेजच्या फाटकात जीप उभी. त्यातून आधी वळकटी उतरली, मग भाकरीचं गाठोडं, मग पाण्याचा कॅन, मग सारिकाचे आईवडील, चुलता, दोन चुलत्या आणि सगळ्यांच्या शेवटी, नवं लुगडं नेसलेली आजी. तिला दोघांनी धरलं होतं. तिला धरायची गरज नव्हती हे तिच्या चालीवरून कळत होतं, पण धरलंय तर धरू देत, असा तिचा चेहरा होता.

वडील माझ्यापाशी आले. “तुमीच व्हय माळी सर? आमच्या आईचं हार्ट फेल झालंय म्हणं.”

“अहो, तसं नाही, सॉरी, म्हणजे तो अभ्यास होता...”

“अभ्यास कसला, खड्डा पडतोय की पायात. मी सोता दाबून बघिटलंय.”

“जीपमधी सगळ्यांनी दाबून बघिटलंय,” आजी म्हणाली. “दुखाय लागलाय आता.”

तेवढ्यात सारिका पळत आली आणि आईवर ओरडली, “फोन का ठेवलास? पुढचं पान राहिलं होतं.”

आवाज ऐकून प्राचार्या मॅडम केबिनबाहेर आल्या. मॅडम शिस्तीच्या. त्यांचा कौल ‘पैलवान’कडे होता, कारण मोठ्या कॉलेजांत तेच लावतात. “काय प्रकार आहे, माळी सर?”

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण आजीनं मला हातानं बाजूला केलं आणि बाकावर ऐसपैस बसून मॅडमना शेजारी बोलावलं. “बस बाई. सांगतो तुला. ह्यो पाय का सुजतोय ठावं हाय? आत मोटर असती. ती दमली की रगत मागं तुंबतंय. मग पाणी झिरपतंय. आनि ती किडनी हाय न्हवं, तिला वाटतंय दुष्काळ पडला.”

मॅडम बसल्या. आजीनं सगळा रस्ता सांगितला, एकही वळण न चुकता. पुस्तकातून सारिकात, सारिकातून फोनवर, फोनवरून सुनेत, सुनेतून जीपभर, आणि तिथून मॅडमपर्यंत. इतक्या हातांतून आलेला निरोप शाबूत होता. मॅडमनी शेवटी विचारलं, “हे तुम्हाला कुणी शिकवलं, आजी?”

“आमच्या सारिकानं.”

सारिका तोपर्यंत खाली बसली होती. तिनं आजीच्या दोन्ही पावलांवर बोट दाबून पाहिलं. दम लागतो का, उताणं झोपलं की घुसमटतं का, जास्तीच्या उशा लागतात का, असं विचारत गेली. आजी सगळ्याला ‘न्हाय, काय न्हाय’ म्हणत होती. मग सारिकानं विचारलं, “आज्जी, गोळ्या कुठल्या घेतीस?”

आजीनं पिशवीतून प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी काढली. सारिकानं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मी मास्तर झालो असेन.

“सर, हेच ते. राहिलेलं पान. सूज दिसली की हार्टचं नाव घ्यायच्या आधी गोळ्या विचारायच्या. प्रेशरच्या काही गोळ्यांनी बारीक नळ्या सैल होतात, त्यामुळं पाय सुजतात.” मग आजीकडे वळून, “ही कधीपास्नं घेतीस?”

“एकीच्या दोन करून दिल्यात की औंदा. तवापास्नं.”

“बरं झालं, फेकून दिऊया,” चुलता म्हणाला.

“न्हाय तात्या,” सारिका एकदम कडक झाली. “गोळी आपल्या मनानं बंद करायची न्हाय. आधी डॉक्टरांना दाखवायचं.”

समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, हृदय तपासलं, आणि सारिका म्हणाली होती तेच सांगितलं. हृदय ठणठणीत. गोळी बदलून दिली. आजी जरा हिरमुसली. एवढी जीप करून आलो आणि काहीच नाही.

परत कॉलेजच्या आवारात आल्यावर भाकरीचं गाठोडं सुटलं. माझ्याही हातात भाकरी आणि खर्डा आला. वडील खाता खाता थांबले. “सारिके, एवढं सगळं कळतंय तुला. मग नापास कशी गं झालीस?”

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. मी जमिनीकडे बघत होतो. मॅडमही तिथंच होत्या, त्यांच्याही हातात भाकरी होती.

“पप्पा, तवाचं पुस्तक येगळं होतं,” सारिका हळूच म्हणाली. “त्यातनं मला रस्ता घावत नव्हता.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. त्यांना यात काही अवघड वाटलं नाही.

“मग बदला की पुस्तक.”

सभा त्यानंतर झाली, पण ती नावालाच. मी केबिनमध्ये उभा राहिलो. “सॉरी मॅडम, पण काटकंच घेऊया,” म्हणालो. मॅडम म्हणाल्या, सॉरी कशाला. ‘पैलवान’ची एखादी प्रत संदर्भाला ठेवायची ठरली. ते रास्तही आहे. रस्ता कळल्यावर मोठा नकाशा लागतोच. ‘नवरी’ परत पाठवली.

‘पैलवान’चा प्रतिनिधी नंतर भेटला. चेहरा पडलेला. “सर, आमचं कुठं कमी पडलं?”

मला त्याचं फार वाईट वाटलं. खरं ते सांगितलं. “तुमचं पुस्तक समजावून सांगितलं तर आईनं ‘जेवलीस का’ विचारलं.”

तो विचारात पडला. “म्हणजे चांगलंच झालं की, सर.”

मी त्याला चहा पाजला.

आता सारिकाची परीक्षा तेवढी राहिली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून पुस्तक बदललं, वडिलांनी वाट बघायचं कबूल केलं, पण पेपर तिचा तिलाच लिहायचा होता. पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत ती घरी रोज एक प्रकरण सांगत होती. गावात म्हणे त्या काळात कावीळ, दमा आणि थायरॉइड यांवर इतक्या अधिकारानं बोललं जाई की दूध घालायला येणारे लोक केंद्रावरच रेंगाळायचे. माझं काय चाललं होतं ते सांगत नाही. निकालाच्या दिवशी मी दाढी करताना दोनदा कापून घेतलं.

दुपारी तिचा फोन आला. मागे एसटी स्टँडचा गलका होता.

“सर, सुटला विषय. गावाकडं निघालोय, सांगायला. सोमवारी परत येतो.”

मला भरून आलं आणि मग माझ्यातली किडनी फुटली. इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. मी तिला सांगितलं की चूक तिची कधीच नव्हती. सांगितलं की ‘पुन्हा वाच’ म्हणणाऱ्या मास्तरांनी आधी स्वतः पुन्हा वाचायला पाहिजे, ज्ञान म्हणजे काय आणि ग्रंथ म्हणजे काय, समाजात नर्सचं स्थान काय, आजीचे आपल्यावर किती उपकार आहेत, आणि माझ्या हातून राहून गेलेल्या मुलांचं ऋण मी कसं फेडणार. त्यात मी बहुतेक तीनदा सॉरी म्हणालो. बोलता बोलता मुद्दा कुठला होता तेही मला आठवेना, तेव्हा दम घ्यायला थांबलो.

पलीकडे गाडी लागल्याचा पुकारा झाला.

“बरं सर,” सारिका अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाली. “जेवलासा का?”